खालचं अंथरूण

सोयाबीन निघायला लागलं की आमच्या वॉर्डातल्या गाद्या खाली उतरतात.

बाहेरच्या माणसाला यात संबंध काय ते कळायचं नाही, पण आमच्या बीड जिल्ह्यात दवाखान्यात राबलेल्या कुणालाही कळेल. भादवा सरत आलेला असतो. पाऊस उघडतो आणि मागं ओल, डबकी, डास ठेवून जातो. रानात माणसं वाकून शेंगा कापत असतात, मळणीयंत्राचा धुरळा उडत असतो आणि त्याच सुमाराला तापाची साथ गावोगाव फिरायला लागते. बघता बघता खाटा भरतात. मग स्टोअरचं कुलूप निघतं आणि गुंडाळून ठेवलेल्या रेक्झिनच्या गाद्या बाहेर येतात. दोन खाटांच्या मधे, व्हरांड्यात, दाराच्या आड, जिथं म्हणून जागा सापडेल तिथं त्या अंथरायच्या. आमच्या भाषेत त्याला फ्लोअर बेड म्हणतात. नातेवाईक म्हणतात, ‘खाली टाकलंय.’ ‘सिस्टर, आमच्या माणसाला खाली टाकलंय, वरती घ्या की!’ ही विनवणी त्या दिवसांत इतक्या वेळा कानावर पडते की पुढं पुढं ती पंख्याच्या घरघरीसारखी होऊन जाते.

आज पहिल्या वर्षाच्या मुलींना घेऊन मी वॉर्डात गेले, तर स्टोअर उघडलेलं होतं. रेक्झिन, फिनेल आणि कोंदट कापूस यांचा मिळून एक वास आला. खिडकीतून मळणीचा भुसा आत येत होता. माझी पावलं दारातच थांबली आणि मागून येणाऱ्या मुली एकमेकींवर आपटल्या. मॅडम काहीतरी विसरल्या असं त्यांना वाटलं. विसरता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

जिथं मी आता शिकवते, त्याच कॉलेजात मी शिकले. कॉलेज म्हणजे गावाबाहेर माळावर एक दुमजली इमारत, मागं होस्टेल आणि पुढं चिंचेचं झाड. तिथं दुसरं काही शिकवत नाहीत, नुसतं नर्सिंग. सगळ्या वर्षांच्या पोरी मिळून एका लग्नाच्या मांडवात सहज मावल्या असत्या. एवढ्याशा जागेत कुणाचं काही झाकून राहत नसे. एखादीला स्थळ सांगून आलं की ती बातमी तिच्याआधी मेसच्या मावशींना कळलेली असायची. खालच्या मजल्यावर प्रॅक्टिकलची खोली होती. तिथं दोन खाटा आणि त्यातल्या एकीवर एक रबरी बाई झोपलेली. तिचा डावा हात खांद्यातून निसटायचा. आम्ही तिला बाईसाहेब म्हणायचो, कारण त्या अख्ख्या इमारतीत तिच्याइतकी सेवा कुणाचीच होत नव्हती. उठता-बसता अंघोळ, वेणीफणी, कूस बदलणं, आणि बोलणं एका शब्दाचं नाही. लोकांना वाटतं नर्सिंग म्हणजे इंजेक्शन. आमचं पहिलं वर्ष बहुतेक अंथरूण घालण्यात गेलं. चादर ताणून घ्यायची, कोपरा उचलून पाकिटासारखा दुमडायचा, गादीखाली सारायचा. एक सुरकुती राहिली तर आमच्या मॅडम पुन्हा सगळं उपसायला लावायच्या. “ही सुरकुती तुमच्यासाठी सुरकुती आहे. पडून असलेल्या माणसासाठी ती जखम आहे,” असं त्या म्हणायच्या. तेव्हा आम्ही डोळे फिरवायचो. आता हेच वाक्य मी मुलींना सांगते आणि त्या डोळे फिरवतात.

माझ्या खोलीत कुशी होती. खरं नाव कुशावर्ता. युसूफ वडगावच्या पलीकडं तिची वस्ती. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की तिचे आई-वडील कळप घेऊन बाहेर पडायचे, कुणाच्या शेतात आठ दिवस, कुणाच्या शेतात पंधरा दिवस खतासाठी मेंढरं बसवायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला वस्तीवर परतायचे. कुशी चुलत्याकडं राहून शिकली. मी लिंबागणेशची, शेतकऱ्याच्या घरातली. आमच्या घरी लोखंडी खाटा होत्या. एवढ्या एका गोष्टीवरून मी स्वतःला तिच्यापेक्षा शहरी समजत होते.

तिला सोडायला तिचे वडील आले होते. उंच, वाळलेले, डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी. कुशी त्यांना आबा म्हणायची. कॉलेजच्या लोकांनी खुर्ची दिली तर ते चिंचेखाली भुईवर बसले. मग खोली बघायला वर आले, कुशीच्या खाटेवर हात दाबून बघितला आणि वाकून खाटेखालीही बघितलं.

“चांगली हाय,” ते म्हणाले. “खालून वारं जातंय.”

त्या दिवसापासून बरेच दिवस कुशी खाटेवर झोपलीच नाही. दिवा मालवला की वळकटी खाली ओढायची. मी विचारलं तर म्हणाली, “सुमे, हे पाडतंय गं मला. पाय टेकत न्हाईत तर झोप कशी लागंल?” मी दुसऱ्या दिवशी मेसमध्ये ही गोष्ट रंगवून सांगितली. पोरी हसल्या, कुशीही हसली. नंतर ती हट्टानं वर झोपायला शिकली. बोलणंही तिनं हळूहळू वॉर्डात चालेल असं करून घेतलं. अंथरूण घालण्यात मात्र आमच्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तिनं घातलेल्या खाटेकडं बघितलं की तिथं आजारी पडावं असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी असंच सोयाबीन निघत होतं आणि आमची ड्यूटी पुरुषांच्या वॉर्डात होती. सकाळी बसमधून उतरलं की दवाखान्याच्या भिंतीपलीकडं मळणीचा धडधडाट सुरू असायचा. पांढऱ्या कपड्यांवर भुसा बसायचा. झटकला की अंगाला खाज सुटायची. वॉर्डातल्या फिनेलच्या वासात भर म्हणून व्हरांड्यातल्या नातेवाइकांच्या भाकरी, लसणाची चटणी, ओली धोतरं. कळशीवर कळशी ठेवावी तशी माणसं दाटलेली. अशा दिवसांत एका दुपारी कुशीच्या आईनं आणि चुलत्यानं आबांना आणलं. चुलत्यांना सगळे नाना म्हणत. आबांना ताप होता. गवतातून हिंडणाऱ्या माणसाला एक बारीक किडा चावतो, त्याचा ताप. घरी अंगावर काढलेला, त्यामुळं हाडात मुरलेला.

खाट रिकामी नव्हती. आबांना दाराजवळच्या गादीवर घेतलं. कुशी सगळ्या ड्यूटीभर दर थोड्या वेळानं एका खाटेकडून दुसरीकडं बघत होती. आपल्या माणसाला खाली टाकलंय. रोज ज्यांना आम्ही ‘थांबा जरा, मिळेल’ म्हणत होतो, त्यांच्यात आता तीही होती. दोन दिवसांनी खिडकीकडची खाट रिकामी झाली आणि इन्चार्ज सिस्टरनी आपणहून ती आबांना दिली. या सिस्टर म्हणजे कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडात सतत लवंग आणि कौतुक करायचं झालं तरी रागावल्यासारखं बोलणं. कुशीनं आणि मी ती खाट तयार केली. चादर एवढी ताणली होती की हात फिरवला तर सुर्रकन घसरावा. आबांना उचलून वर ठेवलं तेव्हा कुशीच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी निकालाच्या दिवशीही बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो, तर चादर जशीच्या तशी. एक घडी मोडलेली नाही. आबा खाटेखाली, घोंगडीत मुटकुळं करून गाढ झोपलेले. वर सलाइनची बाटली लटकलेली आणि नळी खाली सोडलेली.

“तुझ्या वडलांना सांग,” सिस्टर कुशीवर कडाडल्या, “हा दवाखाना आहे, मेंढवाडा नाही. नळी निसटली असती म्हणजे?”

कुशीचे कान लाल झाले. ती वाकून आबांना उठवायला लागली. “आबा, कावून असं करायलाव? लोक हसायलेत.”

“हासू दे की,” आबा म्हणाले. “आगं, हितं पाय टेकत न्हाईत बग. डोळा लागला की पडल्यावानी हुतंय. तू घातलंय म्हणून बसलो वर घटकाभर. लई मऊ घातलंय.”

ती रोजची कटकट झाली. आम्ही वर घ्यायचो, ते खाली उतरायचे. शेजारचे पेशंट पैजा लावायचे, आज म्हातारं वर राहतंय का खाली. मलाही गंमत वाटायची. कुशीला वाटत नव्हती. एक दिवस ती माझ्यावरच उखडली. “तुला काय हसायला! माझा बाप खाटंखाली घुसतोय, तुझा न्हाई.”

मग आबांचं खाली उतरणं थांबलं, आणि ते थांबलं तेव्हा कुणीच हसलं नाही. उतरण्याइतकं बळ उरलं नव्हतं. ताप आत शिरला होता. लघवी कमी झाली, पायांना सूज आली, श्वास उथळ झाला. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क आला. खाटेच्या कडांचे गज वर केले. डॉक्टरांनी नानांना व्हरांड्यात नेऊन समजावलं, की मोठ्या दवाखान्यात पोचायला लागेल तेवढा वेळ आता हातात नाही. घरी न्यायचं तर ऑक्सिजनशिवाय ते अर्धी वाटही काढणार नाहीत. इथंच राहू द्या, त्रास होणार नाही एवढं आम्ही बघू. नाना पटका हातात घेऊन ऐकत होते आणि दर वाक्याला ‘हाव, हाव’ म्हणत होते.

दुपार होती. ऑक्टोबरचं ते चिकट ऊन. आम्ही ताप-नाडी बघत फिरत होतो. कुशीच्या आईनं कुशीचा हात धरला. ही बाई इतके दिवस त्या वॉर्डात होती, पण तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

“कुशे, खाली घे गं त्यास्नी.”

कुशीनं दुसऱ्या हातानं खाटेचा गज धरला.

“आधांतरी जीव जाईल त्यांचा. सारा जलम भुईवर काढलाय माणसानं. भुईला पाठ लागू दे, माय. तू हितलीच हाईस. तुझं ऐकत्याल ही लोकं.”

आमच्याकडं माणूस जायला लागला की त्याला खाटेवरून खाली घेतात. सारवलेल्या भुईवर, अंगाखाली काहीतरी आपलं घालून. माझ्या घरीही घेतात, तुमच्याही घेत असतील. वॉर्डात हे कधी कुणी बोलत नाही. दवाखान्यात लोक खालून वर जाण्यासाठी भांडतात, वरून खाली घ्या असं कोण म्हणणार? आमच्या पुस्तकात रुग्णाला जमिनीवरून खाटेवर कसं उचलायचं त्याची चित्रं होती. कुणी कुठं उभं राहायचं, हात कुठं घालायचा, सगळं. खाटेवरून जमिनीवर घ्यायचं चित्र नव्हतं.

कुशी गज धरून उभी होती. मला तिची बोटं दिसत होती. मी तिच्याजागी असते तर काय केलं असतं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. तिनं वर्षभर घासून घासून स्वतःला त्या पांढऱ्या कपड्यांत बसवलं होतं. आता सगळ्या वॉर्डासमोर जाऊन तिला तेच मागायचं होतं, ज्यासाठी ती रोज आपल्या बापाला रागावत होती. आणि वेळ थोडा होता. आबांच्या दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं, ते आम्हां दोघींनाही मोजता येत होतं. हे शिक्षण कधी कधी फार वाईट असतं. आईला जे कळत नव्हतं ते लेकीला कळत होतं.

ती टेबलापाशी गेली. मी मागोमाग.

“सिस्टर, आबांना खाली घ्यायचंय.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मीच म्हणतेय.”

सिस्टरनी चष्मा काढला. “तू आत्ता इथं कोण म्हणून उभी आहेस? ड्यूटीवर आहेस का नातेवाईक आहेस?”

“मुलगी म्हणून, सिस्टर,” कुशी म्हणाली. “त्यास्नी वर भ्या वाटतंय. जाताना तरी भ्या वाटू ने.”

सिस्टरनी चष्मा परत लावला. मग उठून डॉक्टरांकडं गेल्या, दोन शब्द बोलल्या आणि कमरेचा जुडगा काढत परत आल्या. “ऑक्सिजन काढायचा नाही. नळी पुरते का बघा. आणि अशा उभ्या काय राहिलात? निम्मा वॉर्ड खाली झोपलाय, त्यात एक जास्त झाला तर छत कोसळत नाही. फ्लोअर बेड घाला.”

इतकं ते सोपं होतं. इतकं सोपं असू शकतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून मला रडू आलं. मी स्टोअरमधून गादी ओढत आणली. कुशीनं ती बाजूला सारली. फरशी ओल्या फडक्यानं पुसली, आईच्या पिशवीतून घोंगडी काढली आणि ती फरशीवर अंथरली. मेंढरांचा, धुराचा, पावसात भिजून वाळलेल्या लोकरीचा वास त्या फिनेलमध्ये पसरला. घोंगडीवर तिनं पांढरी चादर घातली. ताणली. मग गुडघ्यावर बसून एकेक कोपरा उचलून घोंगडीखाली दुमडला, पाकिटासारखा, परीक्षेला करायचा तसा. चारही कोपरे. कुणी तिला घाई कर म्हटलं नाही.

आबांच्या अंगाखालची चादर चौघींनी चार बाजूंनी धरून आम्ही आबांना उचललं. सिस्टरनी एक-दोन-तीन म्हटलं. ते एवढे हलके लागले की माझ्या हाताचा जोर वाया गेला. खाली टेकवल्यावर काही चमत्कार झाला नाही. नाडी तशीच होती, श्वासही तसाच. पण त्यांचा उजवा हात चादरीवरून सरकला, घोंगडीची कड ओलांडून फरशीवर आला आणि पालथा पडला. मेंढरं बसवायच्या आधी जमिनीत ओल किती ते हात ठेवून बघतात, तसा. तिथं माती नव्हती, गार फरशी होती. पण हात तिथंच राहिला.

कुशी त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली. गणवेशात खाली बसायचं नाही हा आमच्याकडचा पहिला नियम. सिस्टरनी तिकडं पाठ करून दुसऱ्या पेशंटचं सलाइन बदलायला घेतलं. आईनं वाटीतून बोट बुडवून पाण्याचा थेंब आबांच्या ओठांवर लावला. नाना पायांशी बसले. वॉर्डात कुणीतरी रेडिओ लावला होता, तो कुणीतरी बंद केला. बाहेर मळणी सुरूच होती. ती थांबली तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती, आणि आबा त्याच्या थोडं आधी गेले होते. डॉक्टरांनी बघितलं. ऑक्सिजनची चावी कुशीनं स्वतः बंद केली.

कुशी पास झाली. आता ती एका आरोग्य उपकेंद्रात असते. दिवाळीनंतर मेंढरांचे कळप त्या बाजूला उतरले की ती बॅग घेऊन रानात जाते आणि बायकांना भुईवर बसूनच तपासते. या दिवसांत आमचा एकदा फोन होतो. ती विचारते, “गाद्या काढल्या का गं?” मी म्हणते, काढल्या. मग आम्ही पगार, बदली, सासू असल्या गोष्टी बोलतो. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. बोलायची गरज पडली नाही.

आज वॉर्डात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, खालच्या गादीला पण कोपरे करायचे? खाली कोण बघतंय?” चांगली हुशार मुलगी आहे, उर्मट नाही. अभ्यासक्रमात फ्लोअर बेड कुठंच नाही, तेव्हा तिचं काय चुकलं? मी गुडघ्यावर बसले आणि तिला कोपरा करून दाखवला. मग दुसऱ्या कोपऱ्याला तिला बसवलं. आणि पेशंटचं नाव-गाव विचारून झाल्यावर आणखी एक गोष्ट विचारायची सवय मी त्यांना लावते, की घरी कुठं झोपता? मुलींना वाटतं हा प्रश्न माझा आहे. तो माझा नाही.

त्या संध्याकाळी आबांना न्यायला गाडी यायची होती. नाना कागदांसाठी खाली गेले होते. सिस्टर कुशीला म्हणाल्या, तू आता बस, काही करू नकोस. कुशी उठली आणि म्हणाली, “खाट तेवढी करून जाते.” मला वाटलं हिला थांबवावं. सिस्टरनी मला डोळ्यांनी गप्प केलं. तिनं खिडकीकडच्या त्या खाटेवरची चादर काढली, रेक्झिन पुसून घेतलं, नवी चादर टाकली, ताणली, कोपरे केले. मी समोरच्या बाजूनं धरत होते.

दाराजवळच्या गादीवर एक शिलाईवाले चाचा बरेच दिवस पडून होते. त्यांचे गुडघे गेलेले. भुईवरून उठायचं म्हणजे दोघांनी धरावं लागे. त्यांना धरून आम्ही खाटेवर घेतलं. त्यांना काय घडलं ते ठाऊक होतं, त्यामुळं त्यांना आपला आनंद कुठं लपवावा ते कळेना. “लई बरं झालं बेटा,” ते हळूच म्हणाले आणि लगेच डोळ्यांवर हात घेतला.

कुशीनं त्यांच्या पायांवर चादर ओढली. गज वर केला. पलीकडं तिचे वडील पांढऱ्या कापडाखाली होते आणि जिन्यात नानांची पावलं वाजत होती.

“चाचा, हितं पाय टेकत न्हाईत,” ती म्हणाली. “भ्या वाटलं तर सांगा. मी आता चाललेय, पण ही हाय.” तिनं माझ्याकडं बोट केलं. “ही तुमाला खाली घेईल.”

मग आबांना गाडीकडं नेलं, आणि ती त्यांच्या मागं गेली.